बाबलीचा साडेसातचा रिपोर्ट

कल्पना करा, तुम्ही समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या होडीत बसला आहात. हात ओले आहेत, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली आहेत, ओठांवर मीठ आहे. मांडीवर लांबट रजिस्टर. पाठीमागे सहा पर्यटक आपल्याला दिसलेला मासा किती मोठा होता ते एकमेकांना ओरडून सांगतायत. त्यातल्या एकाला उलटी होतेय. आणि गेल्या दोन तासांत काय घडलं ते तुम्हाला पाच ओळींत लिहायचंय. इंग्रजीत. जे घडून गेलं ते घडून गेलेलं दिसलं पाहिजे. गो नाही, वेंट. कम नाही, केम. आणि स्विम? स्वॅम की स्वम? पेन कागदावर टेकलंय, शाई ओल्या बोटाने पुसली जातेय, होडीवाला विचारतोय, "काडू काय नांगर?" आणि ते एक क्रियापद काही केल्या येत नाहीये.

बाबली कुबल हे रोज करायचा.

कागदावर त्याचं नाव हरिश्चंद्र, पण तारकर्लीत त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही वळून बघत नसे. वय एकतीस. दहावीला इंग्रजीत पस्तीस मिळाले होते, ते कसे मिळाले हे तपासणाऱ्यालाच ठाऊक. वडील जाळी टाकायचे. बाबलीने काही वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर काढली आणि मग भाईंच्या डायव्हिंग सेंटरवर लागला. पर्यटकांना मुखवटा घालायचा, पाठीवर सिलिंडर बांधायचा, हात धरून पंधरा-वीस फूट खाली न्यायचं, मासे दाखवायचे, वर आणायचं. असे नऊ सीझन त्याने काढले. पाण्याखाली तो कमालीचा शांत असे. तिथे सगळं बोलणं हाताच्या खुणांचं. ठीक आहे, वर चल, थांब, श्वास घे. जे आहे ते आत्ताच आहे. काल काय झालं याची खूणच नाही.

जमिनीवर मात्र त्याला चैन पडत नसे. बसला की गुडघा हलायला लागे. उभा राहिला की दोन पावलं इकडे, दोन तिकडे. अक्षया, त्याची बायको, म्हणायची, "तुका एक सिलिंडर घरातय बांधूक व्हयो."

या ऑक्टोबरात भाईंनी त्याला 'सुभद्रा' होडीचा इनचार्ज केलं. आजवर त्या होडीवरचा इनचार्ज नेहमी बाहेरचा असे, कधी गोव्याचा, कधी पुण्याचा. वाडीतला माणूस पाण्यात उतरणारा, आणि वर बसून माणसं मोजणारा, रजिस्टर लिहिणारा बाहेरचा, असंच चालत आलेलं. बाबली पहिला. पण भाईंनी ते कायम केलं नव्हतं. विमा कंपनीने नेमलेल्या परीक्षक नोव्हेंबरअखेर येणार होत्या. त्यांनी रिपोर्ट तपासून दाखला दिला तरच बाबली इनचार्ज, नाहीतर पुन्हा बाहेरचा माणूस.

काम तसं अवघड नव्हतं. सगळे पाहुणे वर आले की रजिस्टरमध्ये रिपोर्ट लिहायचा आणि त्याचा फोटो जेट्टीवर लक्ष्मीताईंना पाठवायचा. लक्ष्मीताई सेंटरच्या खिडकीत बसत. त्यांच्यासमोर एक मोकळी होडी बांधलेली असे, अडीअडचणीला धावण्यासाठी. 'सगळे परत आले' हे वाक्य वाचल्यावरच त्या होडीला दुसऱ्या फेरीवर सोडायचं, असा नियम. नियम छापून खिडकीवर चिकटवलेलाही होता.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. मिरजेचे एक निवृत्त मुख्याध्यापक पाण्याखाली घाबरले, तोंडातली नळी सुटली, घोटभर खारं पाणी पोटात गेलं. वर आले, खोकले, ठीक झाले. बाबलीने इमानदारीत तेही लिहायला घेतलं. पाणी प्यायले. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. होडी हलत होती, उन्हाने डोळे दिपत होते. त्याने तिसरा शब्द उचलला आणि वाक्य फार तोकडं दिसतंय म्हणून त्याआधी 'वॉज' टाकला. रिपोर्टची प्रत पाहुण्यांना मिळते. संध्याकाळी मुख्याध्यापक ती हातात घेऊन सेंटरवर आले. उभ्या आयुष्यात त्यांनी सुपारी खाल्ली नव्हती.

"बाबली, ह्या काय लिवलंस?" भाई डोक्याला हात लावून म्हणाले. "मास्तर दारू पिऊन पान्यात उतारले?"

"नाय ओ भाई, पानी पिले."

"मगे ह्या 'ड्रंक' खंयसून इला?"

"शाळेच्या पुस्तकात तिसऱ्या रकान्यात होता ता."

सुशांत, त्याच्याबरोबर नऊ सीझन डायव्हिंग केलेला दोस्त, तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. पुढचे आठ दिवस तो बाबलीला बघितलं की डुलत डुलत चालून दाखवायचा.

मग अक्षयाने मनावर घेतलं. ती बी. कॉम. झालेली, मालवणात टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने आखले आणि ते पान मागच्या पडवीच्या दाराला टाचलं. ती विळीवर बांगडे साफ करायची आणि हा पडवीभर फेऱ्या मारत म्हणायचा.

"टेक?"

"टुक."

"राईट?"

"रोट."

"सी?"

"सीड. नाय नाय, सॉ."

"डाइव्ह?"

"डाइव्ड. नायतर डोव्ह."

"दोनय चलतत."

"दोनय चलतत?" बाबली थांबलाच. "मगे ह्याकाच कित्या ती सवलत? सगळ्यांकच दिली असती! 'गो'चो 'गोड' झालो असतो तर कोणाचा काय कडू झाला असता?"

अक्षया हसून हसून विळीवरून उठली. पण पडवीत फेऱ्या मारताना येणारी क्रियापदं होडीत बसलं की पळून जात. घरात 'वेंट', होडीत 'गोज'. घरात 'टुक', होडीत 'टेकड'. डोकं ठिकाणावर नव्हतं असं नाही, उलट ते चार ठिकाणी होतं. नांगर, पाहुणे, सिलिंडरचा काटा, भरती-ओहोटी. पाचव्या ठिकाणी इंग्रजीला जागा उरत नसे.

मग त्याने यावर उपाय काढला.

रोज सकाळी साडेसातला सिलिंडर चढेपर्यंत जेट्टीवर अर्धा तास मोकळा मिळे. हात कोरडे, डोकं थंड, कॅलेंडरच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये. त्याने तेव्हाच रिपोर्ट लिहायला सुरुवात केली. रोज घडणार तेच तर असतं! वी लेफ्ट जेट्टी. वी रीच्ड खडक. गेस्ट्स वेंट डाउन इन पेअर्स. ऑल गेस्ट्स केम बॅक सेफली. फक्त वेळेची आणि आकड्याची जागा रिकामी सोडायची, ती होडीत भरायची. एखाद्या कारखान्यातला साचा असावा तसा त्याचा साचा तयार झाला. पहिल्या दिवशी एक चूक निघाली. दुसऱ्या दिवशी एकही नाही. भाई खूश. पंधरवड्यात सगळीकडे बोलबाला झाला की बाबलीचं इंग्रजी सुधारलं.

त्याला यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. लहानपणी वडिलांबरोबर होडीवर जाताना त्याने हेच बघितलं होतं. होडी पाण्यात ढकलायच्या आधी नारळ हातात धरून वडील गाऱ्हाणं घालायचे. 'बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या पान्यात उतारतत, तेंच्या जाळ्यात बरकत घाल, काय वाकडा-वंगाळ आसात ता भायर काड, आनी सगळ्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!' आणि सगळे एका सुरात, 'व्हय म्हाराजा!' अख्खा दिवस आधी बोलून टाकायचा, मग जगायचा. 'सुभद्रा'वर हे गाऱ्हाणं आता बाबलीच घालायचा. ते झालं की लगेच रजिस्टर उघडायचा. 'सेफली' लिहून झालं की त्याच्या ओठांवर 'व्हय म्हाराजा' येऊन जाई. त्याच्या लेखी दोन्ही एकच काम होतं, एक मालवणीत, एक इंग्रजीत.

अक्षयाला हे कळलं ते एका सकाळी दुकानात जाताना. ती जेट्टीवर डबा द्यायला थांबली आणि तिची नजर उघड्या रजिस्टरवर गेली.

"बाबली, होडी अजून दोरीक बांधलेली आसा."

"मगे?"

"आनी हयसर सगळे परत इलेले आसत."

"आकडो आनी टायम रिकामो सोडलंय मां. तो मगे भरतंय."

"दिवस सुरू जावच्या आधीच तू तेका संपवन टाकलंस!"

"बाबा नाय घालायचे गाराणा? सगळा आदीच सांगायचे. तसाच ह्या."

"गाराणा देव आयकता," ती म्हणाली. "ह्या लक्ष्मीताय वाचता."

बाबली हसला. तिने डबा त्याच्या हातात ठेवला आणि ती न हसता गेली.

एका सवयीला दुसरी फुटते. खडकांपाशी मोबाइलला रेंज एकाच जागी मिळे, नांगर टाकलेल्या बाजूला. होडी वळली की रेंज जाई. मग फोटो जेट्टीवर पोचल्यावरच सुटे, मोकळी होडी तेवढा वेळ अडकून पडे आणि भाई कुरकुरत. म्हणून शेवटची जोडी वर येताना पाण्यावर बुडबुडे दिसले की तो आकडा भरून फोटो पाठवून टाकायचा. बुडबुडे आले म्हणजे मागोमाग माणूस आलाच. नऊ सीझनांत यात कधी फरक पडला नव्हता.

परीक्षक बाई अखेर सत्तावीस तारखेला दुपारी तीन वाजता येणार असं कळलं. त्या सकाळी बाबलीने रिपोर्ट दोनदा लिहिला. पहिल्या पानावर अक्षर वाकडं आलं म्हणून ते फाडून नव्या पानावर. त्या पानाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. एक खाडाखोड नाही. नऊ क्रियापदं, नऊच्या नऊ बरोबर.

पाहुणे सहा होते. दोन-दोन जण खाली जात, एक सुशांतबरोबर, एक दुसऱ्या डायव्हरबरोबर. शेवटच्या फेरीला कोल्हापूरचं एक जोडपं उरलं. नवरा दुसऱ्या डायव्हरबरोबर उतरला, बायको, शर्मिला नावाची, सुशांतबरोबर. बारा मिनिटांनी नवरा वर आला. त्याच्या पलीकडे, नांगराच्या दोरीपासून हातभर अंतरावर, बुडबुड्यांची दुसरी रांग वर येत होती. बाबलीने घड्याळ बघितलं, दहा वाजून दहा. आकडा भरला, फोटो काढला, पाठवला. इतक्यात नवऱ्याचा पाय शिडीत अडकला. बाबलीने पुढे होऊन तो सोडवला, त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, पाणी दिलं आणि वळला.

दोरीपाशी बुडबुडे नव्हते.

तो दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही नाहीत. पाण्याचा रंग हलत होता. सुकती लागली होती, ओहोटीचं पाणी खडकांच्या फटीतून बाहेर ओढ घेत होतं, आणि आज ती ओढ रोजच्यापेक्षा लवकर सुरू झाली होती. दुसरा डायव्हर दोरी धरून पुन्हा खाली गेला, वर आला आणि त्याने नुसती मान हलवली.

माणसं पाण्याखाली असताना इंजिन चालू करायचं नसतं, खाली पंखा फिरतो. ती कुठे आहेत हेच माहीत नसेल तर अजिबात नाही. इनचार्जने होडी सोडायची नसते. मग एकच उरतं. बाबलीने वॉकीटॉकी उचलला.

"लक्ष्मीताय, दुसरी होडी धाड. सुशांत दिसना नाय."

"चेष्टा करू नको हां माझी," लक्ष्मीताई म्हणाल्या. "मगाशीच तुझो रिपोट इलो. सगळे परत इले."

"ताये, चेष्टा नाय! दोगा पान्यात आसत. खंय ता माका म्हायत नाय."

खरखर झाली. मग लक्ष्मीताईंचा आवाज आला, तो एकदम बारीक झाला होता. "अरे, ती होडी मी देवबागाक सोडलंय. बारा जणांका घेवन गेली. तुझा वाचूनच सोडलंय रे!"

कोल्हापूरचा नवरा बाबलीच्या मागे उभा होता. त्याला सगळी मालवणी कळली नसेल, पण नको तेवढी कळली.

"सगळे परत आले असं कुणी लिहिलंय?" त्याने विचारलं.

"मी," बाबली म्हणाला.

"माझी बायको पाण्यात असताना?"

 बाबली होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, चढला, उतरला, पुन्हा चढला. डोळ्यांवर हात धरून खडकांपलीकडे बघितलं. नुसतं ऊन चमकत होतं. जन्मात पहिल्यांदा समोर पाणी असून त्याला त्यात उतरता येत नव्हतं. घड्याळात दहा वाजून एकवीस झाले, मग तेवीस. मोकळी होडी जेट्टीवर असती तर एव्हाना खडकांना वळसा घालून आली असती. सात मिनिटांचा तर रस्ता. तो पुन्हा पुन्हा तेवढाच हिशोब करत होता आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं. मागे एक पोरगी रडू लागली.  नवरा बायकोची चप्पल हातात धरून बसला होता.

दहा सत्तेचाळीसला खडकामागून एक मासेमारीची होडी आली. जाळी उचलून परत चाललेली. तिच्या नाळेवर सुशांत बसला होता. बांगड्यांच्या ढिगाशेजारी ताडपत्री पांघरून शर्मिलाबाई.

"अहो, मासे बघायला आले आणि माशांतच बसून आले!" त्या लांबूनच ओरडल्या. ओढीने दोघं खडकामागे वाहत गेल्यावर सुशांतने त्यांना, डायव्हर कमरेला बांधतात त्या नारिंगी फुग्याला धरून तरंगत ठेवलं होतं आणि सांगितलं होतं की हा कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी ते खरं मानलं होतं. नवऱ्याने त्यांना मिठी मारली तेव्हा त्या चक्रावल्या. "असं काय करताय? काय झालं काय?"

सुशांत 'सुभद्रा'वर चढला, सिलिंडर उतरवला आणि टोकाला जाऊन बसला. डुलून दाखवणं नाही, टोमणा नाही. बाबली त्याच्याकडे गेला.

"सुशांता..."

"होडी चालू कर," सुशांत म्हणाला.

बारा वाजता भाईंनी बाबलीला आत बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. सुशांत बाहेर हौदात डायव्हिंगचे पोशाख धूत होता, दार उघडंच होतं. भाईंनी आधी मनसोक्त शिव्या घातल्या. मग पंखा वाढवला, बसले आणि आवाज खाली आणला.

"आता आयक. बाई तीन वाजता येतत. ह्या पान आसा तसा रवांदे."

"भाई, ह्या खोटा आसा."

"काय खोटा? सगळे इले मां? इले. सेफली इले मां? इले. टायम थोडो मागेपुढे झालो. कोण मेलो काय?" त्यांनी पानावर बोट ठेवलं. "असा इंग्लिश ह्या रजिस्टरात आजवर कोणी लिवूक नाय. त्या गोयकारानय नाय. तुका इनचार्ज व्हया मां? मगे वगी गप रव."

बाबलीने दाराबाहेर बघितलं. सुशांत पोशाख पिळत होता. पाठमोरा. त्याला सगळं ऐकू जात असणार, पण त्याने मान वळवली नाही.

बाबली उठून जेट्टीवर गेला. टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला ते पद हवं होतं, आणि हवं होतं हे स्वतःपाशी कबूल करायला तो लाजत नव्हता. वाडीतल्या पोरांनी नऊ सीझन बाहेरच्या माणसाचं ऐकलेलं त्याने बघितलं होतं. अक्षयाने त्याच्यासाठी कॅलेंडर फाडलं होतं. आणि भाई म्हणतात त्यात एक शब्दही धड खोटा नव्हता. सगळे परत आले होते. वाक्य आता खरं झालं होतं. फक्त ते जेव्हा लक्ष्मीताईंच्या हातात पडलं तेव्हा दोन माणसं पाण्यात होती. खिडकीत लक्ष्मीताई बसल्या होत्या. नेहमी त्याला "काय रे इनचार्ज" म्हणून हाक मारायच्या. आज त्यांनी डोळे पुसून नजर दुसरीकडे वळवली. होडी त्यांनी सोडली होती, त्याच्या शब्दावर. त्याने पान तसंच ठेवलं आणि उद्या तक्रार आली तर चूक कोणाची ठरणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

तो आत आला. रजिस्टर ओढलं, त्या देखण्या पानावर दोन तिरप्या रेघा मारल्या आणि पुढच्या पानावर लिहायला बसला. मोबाइल बाजूला ठेवला. तासभर लागला. कपाळावरून घाम गळून एक ओळ फिसकटली. पहिलं पान मी सकाळी साडेसातला लिहिलं. सगळे वर यायच्या आधी फोटो पाठवला. दोघं पाण्यात होती. माझा रिपोर्ट वाचून दुसरी होडी गेली. लक्ष्मीताईंची चूक नाही. एवढंच लिहायचं होतं. 'टू पर्सन्स वॉज इन वॉटर' झालं. 'अदर बोट गॉन' झालं. 'आय सेंडेड फोटो' झालं.

भाईंनी ते बघितलं आणि बाहेर जाऊन सिगरेट पेटवली.

परीक्षक बाईंचं नाव चारुता. पस्तिशीच्या, पाठीवर पिशवी, पायात साधे बूट. त्यांनी आधी रेघा मारलेलं पान वाचलं, मग पुढचं. मग पुन्हा आधीचं.

"'सेंडेड' असा शब्द नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मॅडम. लिहिल्यावर आठवलं. सेंट."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"या पानावर आता हात लावू नये असं वाटलं."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "सकाळी आधी लिहिण्याची पद्धत कधीपासूनची?"

"सव्वीस दिवस झाले."

त्या एकेक पान मागे उलटत गेल्या. सव्वीस पानं. सगळी स्वच्छ, पहिल्या दिवसाची एक चूक सोडली तर सगळी बरोबर, सगळ्यांच्या शेवटी 'सेफली'.

"यातलं खरं कुठलं?"

"सगळं खरंच आहे मॅडम. त्या त्या दिवशी माणसं परत येत होती."

"ते तुम्हाला माहीत आहे. मला कसं कळणार?"

बाबलीचा गुडघा हलत होता. त्याने तो हाताने दाबून धरला. बाईंनी दोन्ही पानांचे फोटो घेतले. "भाषेसाठी मी कुणाला नापास करत नाही," पिशवी बंद करताना त्या म्हणाल्या. "हे पान मला समजलं. मराठीत लिहिलं असतंत तरी समजलं असतं. पण दाखला आज देता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा येईन. तोपर्यंत वर बसून माणसं मोजायला दुसरं कुणीतरी ठेवा."

दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, यावर भाईंना फार विचार करावा लागला नाही. गोव्याच्या माणसाला फोन लावण्यापेक्षा त्यांनी रजिस्टर सुशांतच्या हातात दिलं. सुशांतने ते काखेत मारलं आणि तो होडीकडे गेला. लक्ष्मीताईंनी बाबलीला दोन दिवसांनी हाक मारली, तीही नुसती "बाबली" अशी. अक्षयाने विचारलं, "सगळा लिवलंस?" तो "व्हय" म्हणाला. तिने त्याच्या ताटात माशाची मोठी तुकडी वाढली.

चौथ्या दिवशी 'सुभद्रा' पुन्हा त्याच खडकांपाशी उभी होती. आता बाबली खाली होता, पाहुण्यांचे हात धरून, आणि सुशांत वर. शेवटच्या पाहुण्याला घेऊन बाबली वर आला. त्याला शिडीवर चढवलं. स्वतः मात्र चढला नाही, शिडीची खालची पायरी धरून पाण्यातच राहिला. वर सुशांत मांडीवर रजिस्टर घेऊन, एकेका डोक्याकडे बोट करून मोजत होता. पेन तोंडात होतं. एक वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागत होता.

"सुशांता."

"काय?"

"त्या दिसा खडकामागे तुमी सदतीस मिन्टा होतास."

सुशांत लिहीत राहिला. "मगे?"

"त्या बायेक तू सांगलंस, ह्यो कार्यक्रमच आसा म्हणान. तिका काय कळाक नाय. पन तुका म्हायत होता."

"वर ये रे. पान्याक ओढ लागतली आता."

बाबलीने पायरी सोडली नाही. पाणी त्याच्या खांद्यांशी खेचाखेच करत होतं. गेले चार दिवस तो हे विचारायला निघायचा आणि कधी नारळाच्या झावळीवरून, कधी सिलिंडरच्या वॉशरवरून काहीतरी बोलून परत फिरायचा. सुशांतने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"कितव्या मिन्टाक तुका वाटला रे," बाबलीने विचारलं, "की आता कोण येवचो नाय?"